‘उभयलिंगी’ : एका संज्ञेचा इतिहास

१

‘उभयलिंगी’ हा शब्द मराठीत आज निदान चार ठिकाणी आढळतो. व्याकरणात तो दोन लिंगांत चालणाऱ्या नामासाठी येतो. शालेय विज्ञानात जास्वंदीच्या फुलासाठी आणि गांडुळासाठी येतो. वैद्यकविषयक लेखनात स्त्री व पुरुष या दोहोंची शरीरलक्षणे एकत्र असलेल्या व्यक्तीसाठी येतो. आणि गेल्या काही दशकांत इंग्रजी ‘बायसेक्शुअल’चा पर्याय म्हणून, स्त्री आणि पुरुष या दोहोंविषयी आकर्षण असणाऱ्या व्यक्तीसाठीही तोच योजला जातो. पहिल्या तीन अर्थांत शब्द एखाद्या वस्तूच्या ठिकाणी असलेले लक्षण सांगतो. चौथ्या अर्थात त्याला एका व्यक्तीचा दुसऱ्या व्यक्तींशी असलेला संबंध सांगावयाचा आहे. हे काम त्याच्या घडणीत बसते काय, आणि बसत नसेल तर त्याचे परिणाम कोणाला भोगावे लागतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

भाषेत अनेकार्थी शब्द पुष्कळ असतात आणि संदर्भाने त्यांचा निवाडा होतो. ‘कर’ म्हटल्यावर हात की सारा, असा प्रश्न सहसा पडत नाही. ‘उभयलिंगी’ची गोष्ट वेगळी आहे. त्याचे तिसरा व चौथा हे दोन अर्थ एकाच संदर्भात, म्हणजे माणसाच्या लैंगिकतेविषयीच्या बोलण्यात, शेजारी शेजारी उभे राहतात. तेथे संदर्भ निवाडा करीत नाही. उलट घोटाळा तोच वाढवितो.

२

या घोटाळ्याचे मूळ ‘लिंग’ या शब्दात आहे. लिंग म्हणजे खूण, चिन्ह, ज्यावरून काही ओळखावयाचे ते. न्यायशास्त्रात धूर हे अग्नीचे लिंग होय. डोंगरावर धूर दिसला म्हणजे न दिसणाऱ्या अग्नीचे अनुमान करता येते. सांख्य-वेदान्तातील ‘लिंगशरीर’, शैवांचे लिंग, व्याकरणातील तीन लिंगे आणि शरीरावरील जननेंद्रिय हे सर्व अर्थ खुणेच्या ह्या मूळ कल्पनेभोवती वाढले आहेत. मराठी वाचकाला जननेंद्रियाचा अर्थ आधी आठवतो, हे अलीकडच्या वापराचे फळ आहे.

‘उभयलिंग’ हा सामासिक शब्दही विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांनी घडविलेला नाही. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात ‘उभयलिंगाधिकरण’ आहे. तेथे प्रश्न असा की ब्रह्माच्या ठिकाणी परस्परविरुद्ध अशी दोन लक्षणे असू शकतात काय. शंकराचार्यांच्या मते एकाच वस्तूला सविशेष आणि निर्विशेष अशी दोन रूपे स्वभावतः संभवत नाहीत. त्यांतील एक उपाधीमुळे भासणारे म्हणून बाजूला ठेवावे लागते. रामानुजांनी ‘उभयलिंगत्व’ स्वीकारले: दोषांचा अभाव आणि कल्याणगुणांचा साठा अशा दोन खुणांनी ब्रह्म युक्त आहे. ह्या चर्चेचा लैंगिकतेशी काहीही संबंध नाही. परंतु तिच्यातील एक चाल ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दोन लक्षणे दिसली की त्यांपैकी एक खरे आणि दुसरे भासमान असे ठरविण्याची बुद्धीला ओढ असते. ही ओढ पुढे निराळ्याच क्षेत्रात भेटणार आहे.

शरीराच्या संदर्भात आयुर्वेदाने वेगळी संज्ञा दिली. चरकसंहितेच्या शारीरस्थानात ‘द्विरेतस्’ नावाच्या प्रकाराचे वर्णन ‘स्त्रीपुंसलिंगी’ असे आहे. स्त्री आणि पुरुष या दोहोंच्या खुणा एका देहात असणे, असा त्याचा आशय. कामसूत्रातील विभागणी आणखी निराळी आहे. औपरिष्टक प्रकरणात वात्स्यायनाने ‘तृतीया प्रकृति’ हा स्वतंत्र वर्ग सांगितला आणि तिच्या वेषावरून व वागण्यावरून तिचे भेद केले. त्याच प्रकरणात परस्परांवर विश्वास असलेल्या नागरकांमधील तशाच व्यवहाराचाही उल्लेख आहे. हा नागरक गणिकांकडे जाणारा, गृहस्थ, ग्रंथाचा मुख्य नायकच होय. त्याच्या या दुहेरी व्यवहाराला मात्र वात्स्यायन कोणतेही वर्गनाम देत नाही. कृतीची नोंद होते, तीवरून माणसाची जात ठरत नाही. आपल्या परंपरेत नाव मिळाले ते ज्याच्या देहावर वा वेषावर खूण दिसते त्याला. ज्याच्या इच्छेला दोन दिशा आहेत तो नावावाचून राहिला.

व्याकरणाची एक बारीक बाब येथेच नोंदविली पाहिजे. ‘लिंगी’ मध्ये ‘इन्’ हा मत्वर्थीय प्रत्यय आहे. ‘धनी’ म्हणजे धन असलेला, तसा ‘लिंगी’ म्हणजे लिंग असलेला. म्हणून ‘उभयलिंगी’ म्हणजे दोन्ही लिंगे ज्याच्यापाशी आहेत तो. ‘लैंगिक’ मध्ये ‘इक’ प्रत्यय आहे आणि तो संबंध दाखवितो. पहिला शब्द स्वामित्वाचा, दुसरा संबंधाचा. चौथा अर्थ संबंधाचा असूनही त्याला स्वामित्वाचा प्रत्यय चिकटविला गेला, आणि घोटाळ्याचा आरंभ येथून झाला.

३

इंग्रजी शब्दाचा प्रवासही सरळ झालेला नाही. ‘बायसेक्शुअल’ हे विशेषण एकोणिसाव्या शतकात वनस्पती व प्राणी यांच्या वर्णनात रुळले. पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र असलेले फूल ‘बायसेक्शुअल’. माणसाच्या इच्छेचे वर्णन करण्याची वेळ आली तेव्हा वैद्यकानेही आधी शरीराचाच आधार घेतला. रिखार्ट फॉन क्राफ्ट-एबिंग याच्या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सायकोपॅथिया सेक्शुआलिस’ या ग्रंथात, ज्यांचे आकर्षण दोन्हीकडे आहे अशा व्यक्तींसाठी ‘मानसिक हर्माफ्रोडाइट’ अशा अर्थाची संज्ञा आहे. म्हणजे एका देहात दोन खुणा, तशी एका मनात दोन खुणा. देहाचे रूपक जसेच्या तसे मनावर बसविले गेले.

फ्रॉइडच्या हाती शब्दाला तिसरेच वळण मिळाले. त्याचा मित्र विल्हेल्म फ्लीस याचे म्हणणे असे होते की प्रत्येक सजीव मुळात द्विलिंगी घडणीचा असतो. फ्रॉइडने १९०५ च्या ‘लैंगिकतेच्या सिद्धान्ताविषयी तीन निबंधां’त ही कल्पना मानसिक पातळीवर आणली, येथे ‘बायसेक्शुअ‍ॅलिटी’ कोणा एका गटाचे लक्षण न राहता मनुष्यमात्राची आरंभीची अवस्था झाली. ह्या कल्पनेच्या मालकीवरून दोघा मित्रांत वितुष्ट आले, हे प्रसिद्धच आहे. या व्यापक अर्थाचा एक परिणाम मात्र फारसा सांगितला जात नाही. सर्वच जण मुळात द्विलिंगी असतील तर प्रौढपणी दोन्हीकडे ओढ असणारा माणूस हा ‘पुढे न सरकलेला’ माणूस ठरतो. जे सर्वांचे बालपण तेच याचे वर्तमान. ‘अजून ठरलेले नाही’ हा आजही ऐकू येणारा शेरा ह्या सिद्धान्ताचा दूरचा वंशज आहे.

हॅव्हलॉक एलिस याने आपल्या ग्रंथाच्या १९१५ च्या आवृत्तीत जुनी ‘हर्माफ्रोडाइट’ची परिभाषा बाजूला ठेवून आकर्षणाच्या अर्थी ‘बायसेक्शुअल’ स्वीकारला. तरीही १९४८ साली आल्फ्रेड किन्सी याने पुरुषांच्या लैंगिक वर्तनावरील ग्रंथात या शब्दाविषयी नापसंती नोंदविली. आक्षेप असा की जीवशास्त्रात हा शब्द शरीररचनेसाठी वापरला जातो, आणि तो माणसाला लावला की त्याच्या एका देहात स्त्रीत्व व पुरुषत्व दोन्ही आहेत असे सुचते. प्रत्यक्षात सांगावयाचे असते ते त्याने कोणाशी संबंध ठेवले एवढेच. किन्सीने नामाऐवजी शून्य ते सहा अशी सात पायऱ्यांची मोजपट्टी दिली. शब्द मात्र त्याच्या नापसंतीला जुमानला नाही. १९७० नंतरच्या चळवळींनी तो स्वतःची ओळख म्हणून उचलला, आणि नित्याच्या वापराने इंग्रजीत आकर्षणाचा अर्थ पुढे येऊन फुलाचा अर्थ वनस्पतिशास्त्राच्या वर्गापुरता उरला. इंग्रजीतील घोटाळा कोशकारांनी सोडविला नाही. ज्यांच्याविषयी तो शब्द होता त्यांनी तो बोलून सोडविला.

४

मराठीत नेमके हेच घडू शकले नाही, कारण क्रम उलटा होता. शब्द प्रथम पाठ्यपुस्तकांत आणि परिभाषेत घट्ट बसला. त्याने ज्यांचे वर्णन व्हावयाचे त्यांच्या तोंडी तो कधी गेलाच नाही. १९६० साली भाषा संचालनालय आणि साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाल्यावर मराठीत शास्त्रीय परिभाषा घडविण्याचे जे मोठे काम झाले, त्याने विज्ञानाच्या मराठी शिक्षणाचा पाया घातला. विश्वकोशातील वनस्पतींच्या नोंदींत फुलांचे ‘एकलिंगी’ आणि ‘द्विलिंगी’ असे वर्णन सर्रास आढळते. शालेय पुस्तकांत ‘उभयलिंगी’ जास्वंद आणि ‘एकलिंगी’ पपई ही उदाहरणे आहेत. ह्या अर्थी ही संज्ञा निर्दोष आहे. दहावीपर्यंत शिकलेल्या मराठी माणसाच्या मनात ‘उभयलिंगी’ म्हटले की जास्वंद उभी राहते, हे परिभाषेचे यशच मानावे लागेल.

लैंगिकतेविषयी मराठीत जाहीरपणे लिहिण्याचा मार्ग त्याआधीच एका माणसाने, जवळजवळ एकट्याने, खुला केला होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि न्यायालयात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. निकाल विरुद्ध गेला. दंड दोनशे रुपयांचा झाला. ह्या प्रकरणाचे भाषिक महत्त्व असे की लैंगिक अनुभवाची मराठी ही प्रश्नोत्तरांच्या सदरात, पत्रलेखकांच्या आणि संपादकाच्या देवघेवीतून घडू लागली होती. ‘समाजस्वास्थ्य’ बंद पडल्यावर अशी देवघेव चालू ठेवणारे तेवढ्या धैर्याचे नियतकालिक मराठीत दीर्घकाळ निघाले नाही, आणि परिभाषा घडविण्याचे काम अनुभवापासून दूर, समित्यांच्या मेजावर गेले.

१९९० साली मुंबईत अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केले आणि १९९४ साली हमसफर ट्रस्टची स्थापना झाली. याच सुमारास एड्स-प्रतिबंधाच्या कार्यक्रमांमुळे ‘पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष’ हा वर्ग शासकीय कागदांत आला. हा वर्ग कृतीवरून मोजलेला होता. त्यात विवाहित पुरुषांचाही समावेश होता. त्यांच्या पत्नीशी असलेल्या संबंधाची नोंद रोगप्रसाराचा मार्ग म्हणून झाली, इच्छेचा भाग म्हणून नव्हे. रस्त्यावरच्या भाषेने आपल्या संज्ञा आधीच केल्या होत्या: ‘कोती’, ‘पंथी’ आणि दोन्ही भूमिका घेणारा ‘डबल डेकर’. ‘डबल डेकर’ हा वरवर ‘उभय’चा खराखुरा देशी पर्याय वाटतो, परंतु तो मोजतो काही वेगळेच. पुरुषांमधील संबंधात कोण कोणती भूमिका घेतो एवढेच तो सांगतो; आवडीची व्यक्ती पुरुष की स्त्री, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. लोकभाषेत दुहेरीपण आहे, मात्र त्याचा आस निराळा आहे.

मग ‘बायसेक्शुअल’साठी शब्द लागला तेव्हा तो ‘समलिंगी’च्या नमुन्यावर पाडला गेला. सम, भिन्न, उभय: तीन उपसर्गवत् पदे आणि एक ‘लिंगी’. वरून पाहता मांडणी सुटसुटीत आहे. परंतु ‘सम’ आणि ‘उभय’ ही पदे एका जातीची नाहीत. ‘सम’ला नेहमी दोन पक्ष लागतात; एकच वस्तू कशाशी तरी सम असते. म्हणून ‘समलिंगी संबंध’ म्हटले की ज्यांचे लिंग एकमेकांशी समान आहे अशा दोघांचा संबंध, हा अर्थ आपोआप लागतो. ‘भिन्न’चेही तसेच. ‘उभय’ मात्र एकाच ठिकाणची मोजदाद करतो. ‘उभयलिंगी व्यक्ती’ म्हटल्यावर दुसऱ्या व्यक्तीची अपेक्षाच उत्पन्न होत नाही; दोन्ही लिंगे त्या एकीच्याच अंगावर येऊन बसतात. सादृश्याने शब्द घडला, अर्थ सादृश्याने घडला नाही.

याचे परिणाम केवळ कोशापुरते राहिले नाहीत. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींच्या लिंगभावविषयक ओळखीला मान्यता देणारा निकाल दिला. त्या निकालातील वर्गात समलिंगी स्त्रिया, समलिंगी पुरुष आणि बायसेक्शुअल व्यक्ती येत नाहीत, असे न्यायालयाने ३० जून २०१६ रोजी स्पष्ट केले. पुढे २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्तींविषयीच्या कायद्याने व्याख्येत अशा व्यक्तींचा समावेश केला, ज्यांच्या शरीराची लिंगलक्षणे जन्मतः रूढ स्त्री-पुरुष विभागणीत बसत नाहीत. आता ही दोन विधाने मराठीत आणून पाहावीत. ‘उभयलिंगी’ हा शब्द आकर्षणाच्या अर्थी घेतला तर उभयलिंगी व्यक्ती त्या वर्गाबाहेर. शरीराच्या अर्थी घेतला तर उभयलिंगी व्यक्ती त्या वर्गाच्या आत. एकाच शब्दाने दोन उलट विधाने होतात, आणि दोन्ही आपापल्या जागी खरी असतात. प्रमाणपत्रासाठी किंवा सल्ल्यासाठी मराठीवरच अवलंबून असलेल्या माणसाला ह्या अनेकार्थतेची किंमत मोजावी लागते. ६ सप्टेंबर २०१८ च्या कलम ३७७ विषयीच्या निकालानंतर बहुतेक मराठी मथळ्यांत सर्वांना मिळून ‘समलिंगी’ हा एकच शब्द आला, त्याचेही एक कारण हेच असावे: दुसरा शब्द वापरावा तर तो भलतीकडे नेतो.

५

नवी मुंबईच्या किनाऱ्यापासून दूर नसलेल्या घारापुरीच्या बेटावर, मुख्य लेण्यात, सदाशिवाच्या भव्य मूर्तीच्या पूर्वेला अर्धनारीश्वराचे शिल्प आहे. उजवा अर्धा देह पुरुषाचा, नंदीवर रेललेला. डावा स्त्रीचा, हाती आरसा घेतलेला. ह्या विषयावरील मराठी चर्चेत अर्धनारीनटेश्वराचे नाव अटळपणे येते, आणि आपली परंपरा किती उदार होती याचा दाखला म्हणून ते दिले जाते. हेतू चांगला असला तरी दाखला चुकीच्या जागी आहे. ह्या शिल्पात दोन तत्त्वे एका देहात एकाच क्षणी आहेत. पाहणाऱ्याला दोन्ही एका नजरेत दिसतात. देवतेला कोणाची ओढ आहे, हा शिल्पाचा विषयच नाही. जास्वंदीच्या फुलाचेही असेच: पाकळ्या बाजूला केल्या की दोन्ही अवयव एकदम समोर असतात.

आकर्षणाच्या उभयपणाला हे एकसमयीपण नसते. ते काळात पसरलेले असते. एका क्षणी माणूस कोणा एका व्यक्तीवर प्रेम करीत असतो, आणि त्या क्षणापुरते पाहिले तर तो एकतर ‘समलिंगी’ दिसतो किंवा ‘सर्वसाधारण’. दुसरी बाजू स्मृतीत असते किंवा शक्यतेत असते; दृश्यात ती नसते. म्हणून देहावरच्या खुणेसाठी घडलेली संज्ञा येथे वापरली की पाहणारा खूण शोधू लागतो, ती सापडत नाही, आणि मग तो दोनपैकी एक निष्कर्ष काढतो: हा माणूस खोटे बोलतो आहे, किंवा त्याचे अजून ठरलेले नाही. दोन लक्षणांपैकी एक सत्य व दुसरे भासमान ठरविण्याची जी ओढ वेदान्तातील वादात दिसली, ती येथे माणसांवर चालविली जाते.

६

मराठी साहित्यातील दोन कृतींच्या आधारे हे तपासता येईल. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. स्वातंत्र्यपूर्व काळातील महाविद्यालयीन वातावरणात घडणाऱ्या ह्या नाटकाची चर्चा मित्राभोवती, म्हणजे सुमित्राभोवती, होत आली, आणि ते योग्यच आहे; स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीचे एवढे उघड चित्रण मराठी रंगभूमीला नवे होते. परंतु नाटकात नमाही आहे. दळवीशी तिचे संबंध आहेत आणि मित्राच्या प्रेमालाही ती प्रतिसाद देते. मित्राकडे आपली समीक्षा सहानुभूतीने पाहू शकते, कारण मित्राला नाव आहे: ती समलिंगी आहे, समाज तिला स्वीकारत नाही, तिची शोकांतिका होते. नमाला नाव नाही. त्यामुळे तिच्या वागण्याचे वर्णन करावयाचे तर स्वभावदोषांचे शब्द हाती येतात: चंचल, दुबळी, संधिसाधू. नमा खरोखर तशी असेलही; नाटक मुख्यतः बापूच्या निवेदनातून उलगडते आणि बापूचे मन मित्राच्या बाजूचे आहे. येथे प्रश्न नमाच्या निर्दोषत्वाचा नाही. इच्छेचे वर्णन करणारा शब्द नसेल तर चारित्र्याचे वर्णन करणारा शब्द त्याची जागा घेतो, हा मुद्दा आहे. मित्राचे जे प्रकृती म्हणून वाचले जाते, ते नमाचे प्रवृत्ती म्हणून वाचले जाते.

पंचवीस वर्षांनी, २००६ साली, सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी आली. पुण्यातील एका कुटुंबात भाडेकरू म्हणून राहावयास आलेल्या तरुणावर घरातील मुलगा तनय आणि मुलगी अनुजा ही दोघेही प्रेम करतात. अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते आणि पुढे तोही नाहीसा होतो. कादंबरीचे दोन भाग आहेत, एक तनयच्या निवेदनाचा आणि दुसरा अनुजाच्या. भाडेकरूला नाव दिलेले नाही आणि त्याचे स्वतःचे निवेदनही नाही.

ह्या रचनेचा विचार आपल्या प्रश्नाच्या अंगाने केला पाहिजे. तनयचा भाग एकटा वाचला तर तो पुरुष समलिंगी आहे. अनुजाचा भाग एकटा वाचला तर तसे म्हणण्याचे कारणच पडत नाही. दोन्ही निवेदकांपाशी त्याचा अर्धा अर्धा वृत्तान्त आहे आणि तो आपल्यापुरता पुरा आहे. दोन्ही वृत्तान्त शेजारी ठेवणारा एकटा वाचक आहे. त्या माणसाचे उभयपण कादंबरीत कोठेही वर्णिलेले नाही. वाचकाने ते अनुमानाने जाणावयाचे आहे, धुरावरून अग्नी जाणावा तसे. ‘लिंग’ शब्दाचा न्यायशास्त्रातील जुना अर्थ येथे अचानक उपयोगी पडतो. आकर्षणाचे लिंग देहावर नसते. ते कथनात विखुरलेले असते, आणि एकाहून अधिक साक्षी एकत्र आणल्याशिवाय ते वाचता येत नाही.

ह्या कादंबरीवर एक आक्षेप घेता येण्यासारखा आहे. दोन्हीकडे प्रेम करणारा माणूसच बिननावाचा, मूक आणि अखेरीस पळून जाणारा का? नमा आणि हा भाडेकरू यांच्यामध्ये पंचवीस वर्षे गेली, पण दोघांनाही स्वतःविषयी बोलण्याचा अधिकार मिळालेला नाही. दोघेही दुसऱ्यांच्या दुःखाचे कारण म्हणून कथेत येतात. आक्षेप खरा आहे. मात्र तो एका लेखकावर ठेवून भागणार नाही. ज्या माणसाला स्वतःच्या भाषेत स्वतःसाठी शब्द नाही, त्याचे प्रथमपुरुषी निवेदन लिहिणे ही लेखकापुढची भाषिक अडचणही असते. तनय आणि अनुजा ‘मी’ म्हणू शकतात. तिसऱ्याने ‘मी’ म्हटल्यावर पुढचे विशेषण कोणते? ‘मी उभयलिंगी आहे’ हे वाक्य मराठीत गांडुळाच्या धड्याकडे नेते, आणि ‘मी बायसेक्शुअल आहे’ हे वाक्य, कितीही सोयीचे असले तरी, आईशी किंवा आजीशी बोलताना निरुपयोगी ठरते.

७

मग मार्ग कोणता? ‘उभयलैंगिक’ हा पर्याय आज काही लेखनात दिसतो आणि तो अधिक बरा आहे. त्यातील ‘इक’ प्रत्यय स्वामित्वाकडून संबंधाकडे नेतो. फूल ‘उभयलिंगी’, माणसाचे आकर्षण ‘उभयलैंगिक’ आणि ज्याच्या देहाची लक्षणे रूढ विभागणीत बसत नाहीत त्याच्यासाठी ‘आंतरलिंगी’ अशी वाटणी केली तर निदान न्यायालयीन व वैद्यकीय मराठीतील घोटाळा टळेल. यावर एक शंका येऊ शकते, ती म्हणजे ‘उभय’ दोनच मोजतो, आणि मराठीच्या व्याकरणात तर लिंगे तीन आहेत. तो पोर, ती पोर आणि ते पोर अशी तिन्ही रूपे जी भाषा बोलते तिने दोनावर का थांबावे? इंग्रजीतही ‘बाय’ या उपसर्गावरून हाच वाद झाला, आणि अनेकांनी त्याचा अर्थ ‘आपल्यासारखे’ व ‘आपल्याहून वेगळे’ असा दोन्ही बाजूंना खुला ठेवला. ‘उभय’लाही तसे उघडे ठेवता येईल. ‘उभयपक्षी’ म्हणताना आपण पक्षांतील माणसे मोजत नाही.

परंतु प्रत्यय बदलल्याने कल्पना बदलतेच असे नाही. जास्वंदीची प्रतिमा मनात तशीच राहिली तर नवा शब्दही जुन्याच अर्थाने वाचला जाईल. म्हणून आरंभी सांगितलेल्या चार अर्थांपैकी पहिल्याकडे, व्याकरणाकडे, परत जाणे उपयुक्त आहे. ‘बाग’ हे नाम मराठीत ‘तो बाग’ आणि ‘ती बाग’ असे दोन्ही लिंगांत चालते, ‘ढेकर’ही तसाच. प्रत्यक्ष वाक्यात मात्र ते प्रत्येक वेळी कोणत्या तरी एकाच लिंगात असते. ‘ती बाग फुलली’ म्हणणाऱ्याला ‘हे नाम अजून ठरलेले नाही’ असे कोणी सुनावत नाही, आणि ‘तो बाग’ म्हणणाऱ्यावर खोटेपणाचा आरोपही होत नाही. ‘वेळ’च्या बाबतीत तर लिंगाबरोबर अर्थच्छटाही बदलते: ‘तो वेळ’ लांबीचा, ‘ती वेळ’ नेमकी. संस्कृतातील उभयपदी धातूंची गोष्ट अशीच आहे. ‘यज्’ हा धातू ‘यजति’ आणि ‘यजते’ अशी दोन्ही रूपे घेतो. यज्ञाचे फळ दुसऱ्याला की स्वतःला यावर रूप ठरते. एका प्रयोगात रूप एकच येते, पण म्हणून धातूचे उभयपदित्व नाहीसे होत नाही. व्याकरणात उभयत्व हे अंगावर वाहण्याचे ओझे नसून प्रयोगात प्रकट होणारी क्षमता असते, आणि प्रयोग पाहिल्यावाचून ते सांगता येत नाही.

वनस्पतिशास्त्राने दिलेल्या अर्थापेक्षा व्याकरणाने दिलेला हा अर्थ माणसाच्या इच्छेला पुष्कळ जवळचा आहे, आणि तो आपल्या भाषेत आधीपासून आहे. समीक्षेपुरते बोलावयाचे तर याचा अर्थ असा की पात्राच्या इच्छेविषयी विधान करण्यापूर्वी संहितेतील सर्व प्रयोग पाहावे लागतील. शेवटच्या प्रयोगावरून आधीचे रद्द करता येणार नाहीत. नमा दळवीकडे गेली म्हणून मित्राबरोबरची नमा खोटी ठरत नाही. भाडेकरू अनुजाबरोबर निघून गेला म्हणून तनयच्या खोलीतील दुपारी भ्रम ठरत नाहीत. त्या दोघांना दोष देण्यास अन्य कारणे असतील तर ती सांगावीत. त्यांच्या इच्छेला दोन दिशा होत्या, एवढ्यावरून त्यांच्याविषयी निकाल देण्याचा अधिकार मात्र वाचकाला राहत नाही.